पुढची पायरी केव्हा चढायची? स्त्रियांच्या योगाभ्यासाची घडी

तुमचा प्रश्न मी असा समजले: वय 38, दिवसभर बसून काम, दोन मुलं, दुसऱ्या वेळी सिझेरियन. दीड वर्ष घरीच व्हिडिओ लावून योगासनं करताय. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, कपाळ सहज गुडघ्यांना टेकतं, पण चतुरंग दंडासनात, म्हणजे कोपरं वाकवून हात-पायांवर अंग जमिनीलगत तोलताना, क्षणभरही टिकाव लागत नाही आणि कंबर अधूनमधून धरते. पाळीत चार दिवस सुटतात, त्यांचा पुढे पंधरवडा होतो. म्हणून सहा महिन्यांचा तक्ता हवा आहे: कोणत्या महिन्यात कोणती आसनं, आणि शीर्षासन कधी.

तसे तक्ते ढिगाने मिळतात आणि तुम्ही एकदोन करूनही पाहिले असतील. तुमची अडचण आसनांच्या यादीची नाहीच. पुढे जायची वेळ झाली हे कशावरून ओळखायचं आणि मध्ये खंड पडला तर धागा कुठून उचलायचा, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आज व्हिडिओत मागे वाकायचं होतं म्हणून मागे वाकलात, उद्या तोलाची आसनं होती म्हणून ती केलीत. दीड वर्ष मेहनत झाली, पण एखादी गोष्ट सलग चार आठवडे हळूहळू वाढवत नेली, असं घडलं नाही. जे आधीपासून सैल होतं ते आणखी सैल झालं आणि जे कमजोर होतं ते होतं तिथेच राहिलं. वर्गात नव्याने येणाऱ्या बऱ्याच बायकांची हीच कथा असते.

आधी अटी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांवर अवलंबून आहे. कंबरेचं दुखणं मांडीतून पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर, मग चटई. रक्तदाब वाढलेला असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं तुमच्यासाठी नाहीत. दिवस राहिले असतील तर हे उत्तर बाजूला ठेवा, तो अभ्यास वेगळा असतो. आणि पाळीत खूप रक्त जात असेल, जिना चढताना दम लागत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. ‘माझ्यात स्टॅमिनाच नाही’ म्हणणाऱ्या बाईला मी आधी हेच सांगते. रक्त कमी असताना अभ्यास वाढवत नेला तर थकवाच वाढतो.

आता स्त्रियांसाठी वेगळा योग असतो का? माझं मत: फारसा नाही. स्नायू ताकद कमावतात ते एकाच नियमाने, बाईचे असोत की पुरुषाचे. ‘बायकांनी हलकीफुलकी आसनं करावीत’ हा सल्ला तर मला मुळीच पटत नाही. त्यानेच आपल्याकडे भरपूर लवचीक आणि जराही ताकद नसलेल्या बायका तयार होतात. वेगळेपणा तीनचार ठिकाणीच आहे: पाळीचं चक्र, बाळंतपणानंतरचं पोट, ओटीपोटाचा तळ (मूत्राशय, गर्भाशय खालून पेलणारे स्नायू) आणि पाळी जायच्या सुमाराला झपाट्याने विरळ होत जाणारी हाडं. तेवढी सांभाळली की बाकी नियम सगळ्यांना सारखे.

त्यातला मुख्य नियम असा. ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे सूत्र सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण मोजमापासाठी ते वापरताना कुणी दिसत नाही. मी तेच वापरते. एखाद्या आसनात नाकाने, आवाज न करता, सलग आठ श्वास सारख्याच लांबीचे घेता आले, जबडा आवळला गेला नाही, आणि हे आठवड्यातल्या मुख्य अभ्यासाच्या तिन्ही दिवशी जमलं, तर पुढची पायरी. शेवटची अट महत्त्वाची. उत्साहाच्या एका दिवशी जमलं ते मोजायचं नाही. झोप कमी झालेल्या, कंटाळलेल्या दिवशीही जेवढं टिकतं, तेवढीच तुमची आजची पातळी. पाचव्या श्वासाला श्वास तुटायला लागला तर पाचवर थांबा, पुढच्या वेळी सहा बघा. ‘ॲडव्हान्स्ड’ आसनाकडे जायला वेगळा कुठलाच दाखला लागत नाही.

पुढची पायरी म्हणजे दर वेळी नवं आसन असंही नाही. एकाच आसनात वाढवण्यासारख्या चार गोष्टी असतात: किती वेळ थांबता, आधार किती घेता, शरीराचा कोन किती अवघड आहे आणि त्या आसनात शिरता-निघता किती सावकाश. एका वेळी यातली एकच बदलायची. वेळही वाढवला आणि भिंतही सोडली, तर दुसऱ्या दिवशी काही दुखलं तर कशाने दुखलं ते कळणार नाही.

चतुरंगाचंच उदाहरण घेऊ, तुमचं घोडं तिथेच अडलंय. सुरुवात भिंतीपासून. भिंतीपासून हातभर लांब उभं राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेका, टाचांपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून कोपरं वाकवत चार आकडे मोजत पुढे या, मग मागे ढकला. कोपरं बाहेर फाकू द्यायची नाहीत, बरगड्यांना लागून ठेवायची. आठ वेळा नीट झालं की भिंतीऐवजी न हलणाऱ्या टेबलाची कड, मग त्याहून ठेंगणी, भक्कम कड. त्यानंतर जमिनीवर, गुडघे टेकून. दरम्यान फलकासन, म्हणजे प्लँक, वेगळं धरायचं: पाच श्वासांपासून आठपर्यंत. मग गुडघे उचलून फक्त खाली उतरायचं, तेही अगदी हळू, आणि वर येताना पुन्हा गुडघे टेकायचे. उतरण्यातूनही ताकद चांगली येते, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. उतरताना खांदे कोपरांच्या पातळीवर आले की थांबा. त्याखाली गेलात तर सगळा भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर पडतो, आणि दिवसाला वीसवीस सूर्यनमस्कार घालणाऱ्या बायका खांदा दुखतो म्हणून येतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं. या सगळ्या पायऱ्या चढायला कुणाला तीन महिने लागतात, कुणाला आठ. स्नायू लवकर तयार होतात, स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे मागून सावकाश येतात. ‘आता सहज जमतंय’ असं वाटायला लागतं त्याच सुमाराला मनगटं किंवा कोपरं दुखू लागतात, ती त्यामुळे.

पश्चिमोत्तानासनाबाबत माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही: आणखी खोल जाणं बंद करा. तुमचं कपाळ गुडघ्याला लागतं, पण कंबर कमानीसारखी गोल होऊन लागतं की खुब्यातून वाकल्याने, हे बाजूने फोटो काढून पाहा. गोल होत असेल तर दुमडलेल्या चादरीवर बसा, गुडघे थोडे वाकवा, आणि पाठ सरळ राहील तेवढंच पुढे या. दिवसभर खुर्चीत कंबर पुढे वाकलेलीच असते. चटईवरही तेच केलं तर ती धरणारच. शिवाय रोज मांडीचा मागचा भाग ओढून ओढून बसायच्या हाडाशी एक चिवट दुखणं सुरू होतं, ते महिनोन् महिने जात नाही. या भागाला आता ताण नको, काम हवंय. सेतुबंधासन करा, म्हणजे उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचला, आणि ते सोपं झालं की टाचा एकेक वीत पुढे सरकवत न्या. जसजसे पाय लांब जातील तसतसा मांडीमागचा स्नायू कामाला लागेल. जोडीला शलभासन, म्हणजे पालथं झोपून पाय उचलणं: आधी एकेक पाय, मग दोन्ही.

उभ्या आसनांतही असंच एक जवळून बघण्यासारखं आहे. त्रिकोणासनात, म्हणजे पाय फाकवून बाजूला वाकताना, पुढच्या पायाच्या गुडघ्याकडे पाहा. लवचीक बायकांचा गुडघा मागे ढकलला जाऊन लॉक होतो, पोटरी मागे फुगल्यासारखी दिसते आणि मांडी हाताने दाबली तर सैल लागते. म्हणजे आसन दिसतंय, पण भार स्नायूंनी घेतलेला नाही, सांध्यामागच्या बंधांवर टाकलाय. गुडघा केसभर सैल करा, पायाच्या अंगठ्याचं मूळ जमिनीत दाबा. मांडी लगेच घट्ट होईल. तळहात आधी जमिनीला लागत असेल तर आता नडगीपर्यंतच पोचेल. खुशाल पोचू दे. ठोकळा घ्या.

आता पाळी. चार दिवस सुटल्याने अभ्यास बिघडत नाही; ते चार दिवस हिशेबात धरलेले नसतात म्हणून बिघडतो. म्हणून मी महिना नव्हे, ‘फेरा’ आखते: तीन आठवडे वाढवत न्यायचे, चौथा आठवडा मुद्दाम हलका. पाळी नियमित असेल तर हलका आठवडा तिच्या सुरुवातीशी जुळवा. अनियमित असेल तर कॅलेंडरने चाला, आणि पाळी आली की त्या दोनतीन दिवसांपुरता हलका क्रम करा. चक्र 21 दिवसांचं असो की 35, दोन्ही सर्वसाधारण धरलं जातं, त्यामुळे ‘दहाव्या दिवशी ताकदीचं, विसाव्या दिवशी ताणाचं’ असले तक्ते मी कुणाला देत नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात काहींना जड वाटतं, काहींना काहीच वाटत नाही. तुमचं तुम्ही तीन फेरे टिपून ठेवलंत की तुमचा तक्ता तुम्हीच कराल.

हलका क्रम म्हणजे सुट्टी नव्हे. लोडावर टेकून सुप्त बद्धकोणासन (पायांचे तळवे जुळवून, गुडघे बाजूला सोडून मागे रेलणं), पोटाखाली उशी घेऊन बालासन (टाचांवर बसून पुढे वाकून विसावणं), भिंतीशी उभं राहून अर्ध उत्तानासन (खुब्यातून अर्धंच पुढे वाकणं), आणि नाडीशोधन (एकेका नाकपुडीने आलटूनपालटून श्वास). वीस मिनिटं पुरेत. चटई अंथरायची सवय मोडत नाही, हा त्याचा निम्मा फायदा. शीर्षासन, सर्वांगासन पाळीत न करण्याची परंपरा आहे. उलटं झाल्याने अपाय होतोच असं म्हणायला भक्कम पुरावा नाही, पण चार दिवस न केल्याने नुकसानही काही नाही, म्हणून मी ती टाळायला सांगते. कपालभाती, म्हणजे पोट झटक्याने आत घेत श्वास सोडणं, तीही टाळा; तिचं कारण जास्त सरळ आहे: पोटाला दिलेल्या झटक्यांनी त्या दिवसांत अनेकींच्या कळा वाढतात.

सिझेरियनचा उल्लेख केलात, म्हणून पोटाबद्दल जरा थांबून सांगते. उताणं झोपा, गुडघे वाकवा, बोटं बेंबीच्या वरखाली मधोमध ठेवा आणि डोकं थोडं उचला. बोटांखाली खोलगट फट लागते का, की पोटाच्या मध्यावर लांबट उंचवटा उठतो? यातलं काही दिसलं तर बाळंतपणात दुभंगलेले पोटाचे स्नायू अजून नीट जुळलेले नाहीत असं धरा. मूल मोठं झालं म्हणून ते आपोआप जुळलेलं असतंच असं नाही. अशा पोटावर नावासन (बसून धड आणि पाय उचलून तोल धरणं), डबल लेग लिफ्ट (उताणं झोपून दोन्ही पाय एकदम उचलणं), जोराची कपालभाती सुरू केली तर उंचवटा वाढतो आणि कंबरेचं दुखणंही हटत नाही. तुमची कंबर आणि चतुरंग दोन्ही अडण्याचं मूळ इथेही असू शकतं. मग पोटाचं काम असं करायचं: उताणं झोपून श्वास सोडताना एक टाच जमिनीवरून घसरवत लांब न्यायची, पोट न फुगवता परत आणायची. हे साधं वाटतं, पण दहा वेळा नीट केलं की घाम फुटतो. ते जमल्यावर हात आणि गुडघे टेकून, रांगण्याच्या स्थितीत येऊन विरुद्ध हात-पाय लांबवायचा, आणि मग फलकासन. उंचवटा फार असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

शिंकताना, दोरीवर उड्या मारताना थेंब सुटतो का, तेही स्वतःला विचारा. ही गोष्ट बायका मैत्रिणीलाही सांगत नाहीत. तो सुटत असेल तर ओटीपोटाचा तळ कमजोर आहे किंवा वेळेवर आवळला जात नाही. अंग खाली उतरल्यासारखं, खाली जड जड वाटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पोटावर जोर येणारं काहीही नको. ‘सगळा वेळ मूलबंध धरून ठेवा’, म्हणजे हा तळ आवळूनच ठेवा, हा सरसकट सल्ला मात्र मानू नका. काहींचा तळ सैल नसून सतत आवळलेला असतो, त्यांना आधी तो सोडायला शिकावं लागतं. श्वास घेताना सैल, सोडताना हलकेच वर, असा तो श्वासाबरोबर हलायला हवा.

आठवड्याची घडी तुमच्यासाठी अशी बसवेन. तीन मुख्य दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, प्रत्येकी 40 ते 45 मिनिटं. पहिली पाच मिनिटं उताणं पडून नुसता श्वास बघायचा, म्हणजे आज शरीर कसं आहे ते कळतं. मग मनगटं, खांदे, खुबे मोकळे करायचे. त्यानंतर वीस मिनिटं उभी आसनं आणि ताकदीचं काम, ताजेपणा असतानाच. मग दहा मिनिटं त्या दिवसाचा विषय: एका दिवशी मागे वाकणं, एका दिवशी खुबे आणि बैठी आसनं, एका दिवशी पीळ आणि तोल. शेवटी शवासन, ते मात्र कापायचं नाही. चौथा दिवस वीस मिनिटांचा, त्यात हलका क्रम आणि प्राणायाम. तीन दिवसांची उभी आसनं तीच राहतील. उत्कटासन (खुर्चीवर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहणं), वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार (पाय फाकवून पुढचा गुडघा वाकवणं), त्रिकोणासन, वृक्षासन (एका पायावर तोल) एवढी आठ आठवडे पुरतात. कंटाळा येईल, पण तुलना करायला तीच आसनं लागतात.

प्राणायामाची घाई नको. नाडीशोधन कुंभकाशिवाय, म्हणजे श्वास न रोखता, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडणं लांब: चार आकड्यांत घ्या, सहात सोडा. तीनएक महिने एवढंच. कुंभक समोर शिकवणारं माणूस असेल तेव्हा.

दोन गोष्टी योगासनांतून मिळत नाहीत, त्या कबूल करायला हव्यात. एक, ओढण्याचं काम. आपण हातांनी जमीन ढकलत असतो, काही ओढत जवळपास नसतोच. मग खांद्यांमागचे स्नायू मागे पडतात. खिडकीच्या मजबूत गजाला रबरी पट्टा बांधून तो कोपरं मागे नेत ओढा, ही भर घालाच. दुसरी, दम वाढवणारं चालणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम सांगितलं आहे. वर सांगितलेला अभ्यास ताकदीच्या बाजूला बराचसा पुरतो. श्रमाच्या मिनिटांसाठी भरभर चाला. हाडांनाही ते हवंय. पाळी जायला तुम्हाला अजून अवकाश असला तरी हाडं मजबूत ठेवायचं वय हेच. पुढे कधी हाडं विरळ झाल्याचं निदान झालंच, तर पाठ गोल करून खोल पुढे वाकणं आणि मानेवर भार देणं सोडावं लागेल, कारण मणका दबून मोडायची भीती असते. उभी आसनं तेव्हाही चालतात.

दुखणं ओळखायची एक खूण सांगून ठेवते. कुठे दुखतंय विचारल्यावर बाई अख्खा तळहात मांडीवर फिरवते तेव्हा मी निर्धास्त असते. ते स्नायूचं आंबणं, दोन दिवसांत जातं. ती एक बोट नेमकं टेकवून ‘इथे’ म्हणते तेव्हा आसन बदलते. गुडघ्याची आतली बाजू, मनगट, बसायचं हाड, मानेचा खालचा मणका, इथे बोट टेकलं तर ते आसन दोन आठवडे बाजूला किंवा एक पायरी मागे.

मागे येण्याचा हिशेब असा: आठवडा चुकला तर प्रत्येक आसनात एक पायरी खाली उतरून सुरू करायचं. दोनतीन आठवडे गेले तर दोन पायऱ्या. महिन्याहून जास्त खंड पडला तर पहिल्या फेऱ्यापासून, पण तो या वेळी लवकर उरकतो. राहिलेलं भरून काढायला दुप्पट करायचं नाही. या नियमाने तुमचा पंधरवडा वाचेल, कारण पाळीनंतर ‘आता कुठून?’ असा प्रश्नच उरत नाही: तीन दिवस हलका क्रम झालाच आहे, चौथ्या दिवशी पायरी उतरायचीही गरज नाही. यासाठी वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: कोणती पायरी, किती श्वास, दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं.

राहिलं शीर्षासन. महिना सांगत नाही, अट सांगते. कोपरं जमिनीवर टेकून, डोकं अधांतरी ठेवून, पार्श्वभाग उंच उचललेल्या स्थितीत, ज्याला वर्गात डॉल्फिन म्हणतात, त्यात मिनिटभर शांत श्वासाने थांबता येईल, आणि चतुरंगाची उतरण्याची पायरी पक्की झाली असेल, तेव्हा विषय काढा. शीर्षासनात बराचसा भार कोपरांपासून मनगटांपर्यंतच्या हातांनी पेलायचा असतो. हातांत ताकद नसताना तो सगळा मानेवर येतो, आणि मानेचे मणके त्यासाठी घडलेले नाहीत. ते समोर शिक्षक असतानाच शिकायचं. भिंतीला पाय फेकून एकटीने तर नकोच. आणि कधीच केलं नाहीत तरी अभ्यास अपुरा राहत नाही. वर्षानुवर्षं उत्तम अभ्यास करणाऱ्या कितीतरी जणी ते करत नाहीत. तोवर विपरीत करणी, भिंतीवर पाय आणि कंबरेखाली लोड घेऊन, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं करा. कंबर धरलेली असेल त्या दिवशी लोड काढून टाका आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवा.